एका जेवणाची पूर्वतयारी

आयुष्यात एकदा तरी जेवायचंच अशा हॉटेलांची माझी एक यादी आहे. जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर ती वाढत गेली आणि तिच्यातलं सगळ्यात वरचं नाव मला तिथे न जेवताच खोडावं लागलं. स्पेनमधल्या कातालोनियात रोझेस गावाजवळच्या खाडीवर 'एल बुयी' होतं, फेरान आद्रिया या शेफचं. वर्षातले सहा महिनेच उघडं. एका हंगामात जेमतेम आठ हजार माणसं जेवणार आणि जागेसाठी मागण्या यायच्या वीस लाखांच्या घरात. ३० जुलै २०११ला त्यांनी शेवटचं जेवण वाढलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ठरवलं, की यादी आता पुरवून पुरवून खायची नाही.

पुढचं नाव होतं ओस्तेरिया फ्रांचेस्काना. उत्तर इटलीतलं मोदेना गाव, वीया स्तेल्ला नावाची गल्ली, २२ नंबरचं घर, बारा टेबलं. शेफ मासिमो बोत्तुरांनी हे १९९५ साली सुरू केलं. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन पुस्तिकेचा पहिला तारा २००२ साली, दुसरा २००६ साली, तिसरा २०११च्या अखेरीस. २०१६च्या जूनमध्ये 'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट' या जगातल्या उत्तम हॉटेलांच्या यादीत ते पहिलं आलं आणि आधीच अवघड असलेलं बुकिंग लॉटरीसारखं झालं. आम्ही गेलो २०१७च्या ऑक्टोबरात. आम्ही म्हणजे मी आणि माझी ताई. नवऱ्याने आधीच हात वर केले होते. "एवढ्या पैशात मी गोव्याला आठ दिवस मासे खाईन," म्हणाला. तेही खरंच होतं, म्हणून वाद घातला नाही.

हेच हॉटेल का, याला कारण त्यांचे तारे नव्हते. मला त्यांचं गावाशी झालेलं भांडण आवडलं होतं. तोर्तेल्लिनी हा मोदेनाच्या घराघरातला पदार्थ. बोटाच्या पेराएवढे पास्त्याचे वळलेले तुकडे, आत डुकराच्या मांसाचं सारण, आणि वाटीभर गरम सूप. सणासुदीला बायका एकत्र बसून ते शेकड्यांनी वळतात. खाणारे चमच्याने भरभरून खातात. बोत्तुरांनी काय केलं, तर ताटलीत सहा तोर्तेल्लिनी एका ओळीत ठेवले आणि सूप जेलीसारखं गोठवून त्यांच्या पायाखाली घातलं. सहा! गाव खवळलं. आजीच्या हातच्या पदार्थाची ही थट्टा कशाला, असं म्हणून कित्येक वर्षं लोक त्या दाराकडे फिरकले नाहीत. हॉटेल बंद करायची वेळ आली होती म्हणतात. आणि गंमत अशी, की बोत्तुरा स्वतः आजीच्याच स्वयंपाकघरात वाढलेले. लहानपणी भावांचा मार चुकवायला टेबलाखाली लपायचे आणि तिथून हात वर करून आजीने वळलेले कच्चे तोर्तेल्लिनी पळवायचे. अशा माणसाने ते सहा तोर्तेल्लिनी का मांडले असतील, हे मला तिथे जाऊन बघायचं होतं.

बुकिंगची पद्धत त्या वेळी अशी होती: महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी, इटलीतल्या सकाळी, काही महिन्यांनंतरच्या एका अख्ख्या महिन्याच्या तारखा संगणकावर खुल्या व्हायच्या. इटलीतली सकाळ म्हणजे आपली दुपार, ऑफिसातली जेवणाची वेळ. मी डबा बाजूला सारून बसायची. पान उघडायचं, तारखा दिसायच्या, आणि एकीवर बोट ठेवेपर्यंत ती राखाडी होऊन जायची. रात्रीच्या जेवणाची तर आशाच सोडा. एकदा टेबल हातात आलंही, पण हमी म्हणून कार्डाचा नंबर द्यावा लागतो आणि माझ्या बँकेला तो परदेशी व्यवहार संशयास्पद वाटला. "हा व्यवहार आपणच करत आहात का?" असा मेसेज आला. मी करतेच आहे, बाई, असं कळवेपर्यंत टेबल गेलेलं. पुढच्या खेपेआधी बँकेत फोन करून कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून घेतले, मर्यादा वाढवून घेतली, फोन हाताशी ठेवला, आणि एका मंगळवारचं दुपारचं दोघींचं टेबल मिळालं. ज्यांना अशा ठिकाणी जायचं असेल त्यांनी रात्रीच्या मागे लागू नये. दुपारी मिळायची शक्यता जास्त, जेवण तेच, आणि पचायला संध्याकाळ मोकळी राहते.

टेबल मिळाल्यावर ताईला फोन केला. ती आधी गप्प. मग म्हणाली, "अगं, पण मी तिथे खाऊ काय?"

प्रश्न रास्त होता. आमच्या माहेरी सगळं चालायचं, पण ताई लग्न होऊन शाकाहारी घरात गेली आणि तिथलीच झाली. मी हॉटेलला रीतसर पत्र लिहिलं: एक जण मांस-मासे खात नाही, अंडं चालतं, दूध-लोणी चालतं. उत्तर आलं, की तिच्यासाठी वेगळे पदार्थ होतील, आणखी काही वर्ज्य असेल तर कळवा. खरी गोम तिथेच होती. पार्मिजानो रेज्जानो हे चीज, ज्याला आपण पार्मेझान म्हणतो, ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. त्या चीजच्या नियमातच तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे खरं पार्मिजानो 'शाकाहारी' असूच शकत नाही. आणि मोदेनात जाऊन पार्मिजानो टाळायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तिखट टाळण्यापैकी. मी ताईला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिथे जाऊन बघू. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही ठरवत नसते."

व्हिसाचं फार लिहीत नाही. बँकेचे कागद, पगाराच्या पावत्या, विमा, ताईचे पेन्शनचे उतारे. प्रवासाचं प्रयोजन विचारल्यावर ताईने खिडकीत स्वच्छ सांगितलं, "जेवायला." तिथल्या मुलीने हसून 'पर्यटन'वर खूण केली.

पूर्वतयारीचा माझा एक हट्ट होता आणि त्यावरून आमची थोडी झाली. ताईचं म्हणणं, आलोच आहोत इटलीत तर रोम-व्हेनिस बघू, आणि जाता जाता एक दुपार मोदेनात उतरू. मी म्हटलं, नाही. थेट बोलोन्या, तिथून गाडीने अर्ध्या तासात मोदेना, आणि त्या मंगळवारआधी मोदेनातच मुक्काम. ज्या माणसाची अख्खी पाककला गावाच्या आठवणींवर उभी आहे, त्याच्याकडे गावचं साधं काही न खाता जाऊन बसायचं, म्हणजे मूळ गाणं न ऐकता विडंबनाला हसण्यासारखं. तोर्तेल्लिनीने भरलेली वाटी ज्याने पाहिलेली नाही, त्याला सहा तोर्तेल्लिनींमधला वात्रटपणा कसा कळणार?

तर आधी चीज. मोदेनाबाहेरची एक सहकारी डेअरी सकाळी लोकांना आत घेते, पण वेळ आधी ठरवून. धुक्यात, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डोक्याला जाळीची टोपी घालून आम्ही आत शिरलो. उकळत्या दुधाचा नाही, कोमट दुधाचा वास. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ हौदांत ठेवतात आणि वर आलेली साय काढून घेतात. सकाळचं ताजं दूध साय न काढता तसंच त्यात मिसळतात. मग ते तांब्याच्या खोल कढयांत जातं. वरून रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या या कढया जमिनीत अर्ध्या बुडालेल्या असतात आणि एकेकीत हजार लिटरच्या वर दूध मावतं. त्यात आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी, मग रेनेट. दहा-बारा मिनिटांत सगळं दूध थरथरत्या दह्यासारखं घट्ट. एक माणूस लांब दांड्याचा, तारांचा पिंजरा असलेला घुसळा घेतो आणि ते दही फोडत फोडत तांदळाच्या दाण्याएवढं बारीक करतो. मग ५५ अंशांपर्यंत तापवायचं आणि थांबायचं. दाणे आपोआप तळाला बसून त्यांचा गोळा होतो.

तो गोळा वर काढायची वेळ आली तेव्हा दोघे जण पुढे आले. एकाने लाकडी फळीने तो तळापासून उचलून धरला, दुसऱ्याने खालून तागाचं कापड सरकवलं, आणि कापडाची टोकं दांड्याला बांधून तो पाणी गाळत वर आला. सुरीने मधोमध कापून त्याचे दोन केले. एका कढईचे दोन गोळे, म्हणजे दोन चाकं. चाळीसेक किलोच्या एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध. पुढे साच्यात, मग वीसेक दिवस मिठाच्या पाण्यात, मग फळीवर, कमीत कमी बारा महिने.

कापड धरणारा माणूस पंजाबी होता. मला ते धक्कादायक नव्हतं. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत आणि डेअऱ्यांत पंजाबी माणसं मोठ्या संख्येने आहेत हे वाचलेलं होतं. पण समोरून "आप इंडिया से?" ऐकल्यावर ताईचा चेहरा जो खुलला! वीसेक वर्षं झाली त्याला इथे. रविवारी नोवेल्लाराच्या गुरुद्वारात जातो म्हणाला. ताईने त्याच्या मुलांची, गावाची, गुडघ्यांची चौकशी केली आणि मग मुद्द्याचं विचारलं, "ये जामन किस चीज का है?"

"बछड़े के पेट का, बहनजी," तो म्हणाला. काही लपवलं नाही की सारवासारव केली नाही.

ताई कढईकडे बघत उभी राहिली. मी मध्ये बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दूध तरी कुणाचं काढून घेतो आपण? वासराच्याच तोंडचं ना? मग आता विरजणाशी येऊन सोवळं कशाला पाळू?" आणि मग माझ्याकडे वळून, "मांस मात्र नाही हं. ते सांगून ठेव." हा तिचा निर्णय. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी उलटा घेतला असता आणि तोही बरोबरच ठरला असता.

मग गोदाम. छतापर्यंत फळ्या, त्यांवर शेकडो चाकं आणि दमट, किंचित गोडसर वास. तिथला म्हातारा छोट्या हातोडीने एक चाक ठोकून दाखवत होता. आत भेग असली की आवाज पोकळ येतो. २०१२च्या मे महिन्यात या भागात दोन मोठे भूकंप झाले तेव्हा अशा फळ्या एकावर एक कोसळल्या आणि काही लाख चाकं जमिनीवर आली. फुटलेलं चीज लवकर खपलं नाही तर डेअऱ्या बुडणार. बोत्तुरांनी तेव्हा एक साधी युक्ती काढली. रोमचा चीज-मिरीचा पास्ता असतो, तोच प्रकार त्यांनी भात आणि पार्मिजानो वापरून केला आणि जगभर सांगितलं, आज घरी हे करा. तांदूळही इथला, चीजही इथलं. घराघरांत तो भात शिजला. म्हाताऱ्याला त्याबद्दल विचारलं, तर त्याने नुसती मान डोलावली आणि आमच्यापुढे दोन तुकडे ठेवले.

एक २४ महिन्यांचं, एक ३६ महिन्यांचं. पहिल्यात अजून दूध होतं, ओलावा होता, जिभेवर थोडं फळासारखं आंबटगोड. दुसरं कोरडं, फोडल्यावर खडीसारखं तुटणारं, आणि चावताना दाताखाली कचकच. ते मीठ नव्हे. प्रथिनं फुटत जाऊन त्यांतल्या टायरोसीनचे असे स्फटिक तयार होतात. चव मांसाच्या सुपासारखी खोल, शेवटी जायफळाची आठवण देणारी. ताईने दोन्ही खाल्ले आणि दुसऱ्याचा आणखी एक तुकडा मागितला.

बाल्सामिकोचं, म्हणजे द्राक्षरसाच्या सिरक्याचं, घर याच्या मानाने भरभर उरकलं, कारण तिथे बघण्यासारखं काही घडतच नसतं, नुसता काळ जात असतो. माळ्यावर एकापेक्षा एक लहान होत गेलेल्या पिंपांची ओळ, प्रत्येक पिंप वेगळ्या लाकडाचं: ओक, चेस्टनट, चेरी, तुती. द्राक्षांचा रस आटवून भरायचा, वर्षातून एकदा सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं आणि तेवढीच भर मोठ्यातून लहानात घालत यायची. बारा वर्षांआधी ते 'त्रादित्सियोनाले' म्हणून विकता येत नाही. 'एक्स्त्रावेक्यो'ला तर पंचवीस. पूर्वी मुलगी जन्मली की घरात नवी ओळ सुरू करायचे आणि लग्नात ती तिच्याबरोबर द्यायचे. ताईने तिथल्या बाईंना विचारलं, "आणि मुलगी नांदायला आवडली नाही आणि परत आली, तर पिंपं पण परत येतात का?" भाषांतर करताना माझी पंचाईत झाली. बाई मात्र मनापासून हसल्या.

बाजारात तासन्‌तास गेले. मेर्कातो अल्बिनेल्ली ही १९३१ सालची झाकलेली मंडई, मध्ये कारंजं आणि फळांची टोपली घेतलेल्या मुलीचा पुतळा. लोक भाजी निवडताना भांडतात, दुकानदार ओळखीच्या बाईला आतलं काढून देतात, सगळं आपल्यासारखंच. तिथेच मी मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घातलेला साधा पाव खाल्ला. रात्री एका त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, सुपातले तोर्तेल्लिनी खाल्ले. वाटी भरून! मोजायचा प्रश्नच नव्हता. ताईसाठी रिकोत्ता-पालकाचे तोर्तेल्लोनी, वर लोणी आणि सेजची पानं. तळलेले, फुगलेले, गरमागरम पावाचे तुकडे येऊन पडले तेव्हा तिने हात पुढे केलाच होता, पण मी थांबवलं. ते न्योक्को फ्रित्तो, डुकराच्या चरबीत तळायची रीत आहे. शाकाहारी माणसाने इमिलियात, म्हणजे या भागात, मांसापेक्षा चरबीची चौकशी आधी करावी.

मंगळवार उजाडला. साड्या नेसायच्या की नाहीत यावर सकाळ गेली. नेसल्या. वीया स्तेल्ला शोधायला वेळ लागला नाही, दार ओळखायला मात्र लागला. बाहेर फलक नावापुरता, रंग उडाल्यासारखी भिंत. आत शिरलं की आवाज एकदम खाली येतो. भिंतींवर समकालीन चित्रं. बोत्तुरांच्या पत्नी लारा गिलमोर या अमेरिकन, आणि कलेचा नाद त्यांनी इथे आणला असं सांगतात. टेबलं एकमेकांपासून लांब, वाढपी काळ्या कपड्यांत. आमच्या टेबलाच्या मुलाने पहिल्याच वाक्यात ताईकडे वळून तिला काय चालतं नि काय नाही ते न बघता म्हणून दाखवलं. तिचा निम्मा ताण तिथेच उतरला.

सगळे पदार्थ सांगत बसत नाही. सुरुवातीला काडीला लावलेली, बदाम-हेझलनटच्या चुऱ्यात घोळवलेली छोटी 'आइस्क्रीम' आली, त्यात आइस्क्रीम नव्हतं, बदकाचं फ्वा ग्रा होतं आणि मधोमध बाल्सामिको. चवीला अप्रतिम. बदकाला कोंबून खायला घालून फुगवलेलं यकृत खावं की नाही, हा माझा माझ्याशी वाद अजून मिटलेला नाही. पो नदीतून वर पोहत येणारी ईल आली, आटवलेल्या द्राक्षरसाचा मुलामा दिलेली, एका बाजूला मक्याच्या पिठाची पेज, एका बाजूला सफरचंद. १५९८ साली पोपने एस्ते या राजघराण्याला फेरारातून काढलं आणि ते मोदेनाला आले, ती वाट ईलने धरली आहे अशी त्यामागची कल्पना. गोष्ट मला मासळीपेक्षा जास्त आवडली. पापलेट-सुरमईवर वाढलेल्या जिभेला ईल तेलकटच लागायची.

मग पार्मिजानोची पाच वयं. ताटली दोघींपुढे सारखीच आली. पांढऱ्यावर पांढरं, रंगाचा ठिपका नाही. २४ महिन्यांच्या चीजचं मऊ, गरम सूफ्ले. ३० महिन्यांच्याचा ऊन सॉस. ३६ महिन्यांच्याचा थंडगार फेस. ४० महिन्यांच्याची कुरकुरीत, पारदर्शक म्हणावी अशी पापडी. आणि वर ५० महिन्यांच्या चीजची 'हवा', म्हणजे चमचा लावला की बसणारे, चव मागे ठेवणारे बुडबुडे. एकच जिन्नस, बाकी काही नाही. मी आधी एकेक सुटं खाऊन बघितलं. २४ आणि ३६ ओळखता येत होते! सूफ्लेत तो दुधाळ ओलावा होता, आणि थंड फेसात, एरवी थंडीने चव मरते तिथे, ती सुपाची खोली तशीच होती. दाताखालची कचकच तेवढी हरवली होती, ती पापडीने भरून काढली. त्या डेअरीत आधी गेलो नसतो, तर मी "वा, काय मऊ आहे" म्हणून पुढे गेले असते. ताईने चमचा खाली ठेवून हळूच विचारलं, "हे सगळं त्या गोदामातच आहे, नाही का?" वाढप्याला याचा अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, ही तक्रार असेल तर आजवरची सगळ्यात चांगली तक्रार आहे.

त्यापुढे लझान्याचा कुरकुरीत भाग. लझान्या घराच्या ओव्हनमधून निघते तेव्हा कडेला, कोपऱ्यात, पास्ता करपून कडक झालेला असतो आणि पोरं त्या कोपऱ्यासाठी मारामारी करतात. बोत्तुरांनी मधली सगळी मऊ लझान्या गाळून टाकली आणि फक्त कोपरा ठेवला. तिरंगी, वाकडीतिकडी, धुरकट वासाची कडक पास्त्याची पानं उभी, खाली थोडं हाताने बारीक केलेल्या मांसाचं रागू आणि व्हाइट सॉसचा फेस. ताईच्या ताटलीत रागूच्या जागी मश्रूम होते. तिने पान मोडलं, तोंडात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं ती काय म्हणणार.

"खरवड."

आमच्याकडे बासुंदी आटली की पितळी पातेल्याच्या बुडाशी जी तपकिरी, चिवट, किंचित करपलेली खरवड उरायची, ती उलथन्याने खरवडून खाण्यावरून आम्ही दोघींनी एकमेकींच्या झिंज्या ओढल्या आहेत. आई वैतागून पातेलं तिसऱ्याच कुणाला द्यायची. आता साठीकडे झुकलेल्या आम्ही दोघी, रेशमी साड्या नेसून, दोनशे युरोंच्या वरच्या जेवणात, "तुझं पान मोठं आहे" म्हणत होतो. बोत्तुरांना नेमकं हेच अपेक्षित असणार. आजीच्या पदार्थाची थट्टा म्हणून ज्याला गावाने कित्येक वर्षं नावं ठेवली, तो माणूस आजीच्या पदार्थातलं सगळ्यात भांडणाचं तेवढंच उचलून ताटलीत ठेवत होता. सहा तोर्तेल्लिनींचंही तेच असावं. वाटीभर खाताना एकेकाकडे कुणाचं लक्ष जातं? कुणीतरी तासभर मान मोडून वळलेला तो एक-एक तुकडा आहे, हे सहाच ठेवले की दिसतं. मला ते पटलं. वाटीभर मात्र जास्त आवडले, हेही लिहून ठेवते.

शेवटी लिंबाची तार्त, फुटलेली. एकदा ताकाहिको कोन्दो या जपानी शेफच्या हातून शेवटच्या दोन तार्तांपैकी एक ओट्यावर पडली आणि तो बिचारा पांढराफटक झाला. बोत्तुरांनी पडलेली तशीच वाढायचं ठरवलं आणि धड असलेली दुसरीही फोडली. तेव्हापासून ती रोज मुद्दाम फुटते. ताटलीवर क्रीमचा सटकन मारलेला फटकारा, कवचाचे तुकडे, लिंबाचं आइस्क्रीम, आणि मध्येच खारवलेल्या केपर्सचा दाणा. गोडात खारट का, हे तोंडात गेल्यावर विचारावंसं वाटत नाही.

बोत्तुरा दिसले नाहीत. ताईला थोडी चुटपुट लागली. तिला त्यांच्या आजीबद्दल विचारायचं होतं.

बिल आलं. माणशी दोनशे युरोंच्या वर, त्या वेळच्या दराने पंधरा हजार रुपयांहून जास्त, आणि त्यात वाइन धरलेली नाही. मी लाम्ब्रुस्कोचा एकच पेला घेतला होता. पैसे वसूल झाले का, असं परत आल्यावर प्रत्येकाने विचारलं. त्या बारा टेबलांमागे किती जण राबत होते ते मी बघितलं आहे, त्यामुळे किंमत फुगवलेली वाटली नाही. पण आधीचे दिवस वजा केले असते तर मला ती जड गेली असती. डेअरी, मंडई आणि खाणावळ मिळून आमचा जो खर्च झाला तो या बिलाच्या पाव हिश्श्याचाही नव्हता. ज्यांना फ्रांचेस्कानाचं टेबल मिळत नाही त्यांनी तेवढंच करून यावं. निम्म्याहून अधिक पदरात पडतं.

बोलोन्याच्या गाडीत ताईने माझी डायरी मागून घेतली. यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सुशीची दोन नावं बघून नाक मुरडलं, आणि पेन काढून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कोयासान, जपान. डोंगरावरची बौद्ध मंदिरं, तिथेच मुक्काम, आणि भिक्षूंच्या स्वयंपाकघरातलं जेवण. मांस नाही, मासे नाहीत, अंडंसुद्धा नाही.

"तुला हे कुठून कळलं?" मी विचारलं.

"तू बँकेशी भांडत होतीस ना, तेव्हा बसून शोधलं," ती म्हणाली. "तिथे आधी पत्र तू लिहायचंस नाही. मी लिहीन. आणि मांस खाणारी एक बहीण बरोबर आहे, तिचं काय करायचं ते विचारीन."